रुमालाखालचा भाव

आमच्या ग्रुपवर नवा अल्बम आला की आधी आगीची चित्रं पडतात, मग लाल बदाम, मग कुणीतरी लिहितं, ‘शब्दच नाहीत.’ अल्बम असतो तासाभराचा आणि हे सगळं होतं पहिलं गाणं संपायच्या आत. प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारी माणसं मुळात थोडी, त्यात मराठी आणखी थोडी. त्यामुळे आम्ही एकमेकांना धरून असतो आणि सहसा कुणी कुणाला दुखवत नाही. या वेळी ग्रुप चालवणाऱ्यानं मला सांगितलं, ताई, नव्या अल्बमवर शिफारशीच्या चार ओळी तुम्ही लिहा. सकाळपासून फोन उघडते आणि बंद करते. ओटा दोनदा पुसून झाला. चार ओळी काही उतरत नाहीत, कारण लिहायला बसलं की मलकापूरचे माझे जुने घरमालक डोळ्यांसमोर येरझाऱ्या घालायला लागतात आणि विचारतात, “काऊन मॅडम, पाणी मारून राह्यल्या का?”

पाणी मारणं हा त्यांच्या धंद्यातला शब्द. कापसाचं वजन वाढावं म्हणून काही बहाद्दर गाडी भरताना त्यावर पाणी शिंपडतात. घरमालक कापसाचे दलाल होते. जिनिंगवाल्याला माल दाखवायचा आणि गप्प उभं राहायचं, अशी त्यांची दलाली. तारीफ करणारा दलाल त्यांना चोर वाटायचा, आणि अल्बम ऐकवायच्या आधी तारीफ करणारा त्याहून मोठा चोर. “तारीफ म्हणजे कापसावर पाणी,” ते म्हणायचे. “वजन वाढते, माल सडते.”

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायला मलकापूरला गेले आणि त्यांच्या घराची वरची खोली घेतली. पहिल्याच रविवारी कपडे वाळत घालताना आवडीचं एक गाणं मोठ्यानं लावलं. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. आता खोली गेली, असं मी धरूनच चालले. दारात उंच, वाळका माणूस, खांद्यावर भला मोठा पांढरा रुमाल. आवाज कमी करू का, म्हणून विचारलं तर त्यांनी मान हलवली. त्यांची तक्रार वेगळी होती. मी तिसऱ्या गाण्यापासून का सुरुवात केली, हे त्यांना कळत नव्हतं. “पोथी कोणी मधूनच वाचते का? पह्यल्यापासून लावा.” मी पहिल्यापासून लावलं. ते बसले नाहीत. अल्बम संपेपर्यंत माझ्या खोलीतून वर गच्चीवर आणि गच्चीवरून खाली खोलीत असे फिरत राहिले, आणि संपल्यावर एक शब्द न बोलता खाली गेले.

बसणं हा प्रकार त्यांना जमायचाच नाही. घरातल्या खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या. जेवण उभ्यानं, ताट फ्रिजवर ठेवून. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. गल्लीतला न्हावी सांगायचा की भाऊंची दाढी मी दोन बैठकांत करतो, मधे ते चौकापर्यंत जाऊन येतात. हे संगीत त्यांना का चिकटलं असेल ते मला पुढं कळलं. या गाण्यांत ठेका सरळ चालत नाही. कधी सात मात्रा, कधी अकरा, मधेच मोडतो आणि दुसरीकडून उठतो. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत ते म्हणायचे, “आपलं भजन आठाचं. बसून म्हणता येते. ह्यात एक कमी पडते, म्हणून माणूस ते शोधत पुढं धावते.”

हा नाद लागला कसा, याच्या ते दोन गोष्टी सांगायचे. एक अमरावतीच्या होस्टेलमधल्या रूममेटची, ती रोज बदलायची. दुसरी मला खरी वाटते. अकोल्याहून त्यांनी जुना टेप विकत घेतला, त्यात कुणाची तरी कॅसेट अडकलेली. ती निघेना. दुसरी घालता येईना. मग अख्खा कापसाचा हंगाम तीच एक कॅसेट वाजत राहिली. सुरुवातीला त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, कानांत बोटं घालायच्या. कॅसेट निघाली तोवर भाऊंची चव पार बिघडली होती आणि गावच्या बँडबाज्यात त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायला लागलं होतं.

अल्बमची इंग्रजी नावं त्यांनी कधी उच्चारली नाहीत. कव्हरवर जे चित्र असेल ते नाव. ‘निळा घोडा’, ‘उलटा जिना’, ‘दोन कंदील’. मीही तसंच म्हणायला लागले. आजही ग्रुपवर कुणी मूळ नाव लिहिलं की मला क्षणभर कळत नाही, हा ‘निळा घोडा’बद्दल बोलतोय.

आता रुमालाबद्दल. त्यांच्या वडिलांच्या काळी बाजारात भाव तोंडानं ठरत नसे. घेणारा आणि देणारा हातांवर रुमाल टाकायचे आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचे. चारचौघांना कळायचं नाही, कुणाच्या तोंडाकडं बघून कुणी भाव बदलायचा नाही. बाजारातून ही पद्धत गेली, पण भाऊंनी ती अल्बमसाठी ठेवली. अल्बम संपला की कुणी बोलायचं नाही. भाऊ रुमालाखाली हात धरायचे आणि ऐकणाऱ्यानं त्यांची बोटं दाबायची, एक ते पाच. भाव भाऊंना कळायचा, बाकी कुणाला नाही. एवढाच भाव का, हेही कुणी विचारायचं नाही. मग चहा.

माझ्या वेळी पंचाईत झाली. परक्या बाईचा हात कसा धरायचा? भाऊ रुमाल हातात घेऊन नुसतेच अंगणात फिरायला लागले. मग काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, “लेकीसारखी आहे ते. धरा न हात. नाही तं मी येतो मधात.” मी चार बोटं दाबली. भाऊंच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्या महिन्यात नळाची गळती, खिडकीची कडी, सगळं आपोआप दुरुस्त झालं.

काकूंचा भाव मात्र सगळ्या गल्लीला माहीत होता. त्या रुमालाखाली हात घालायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, “एक.” प्रत्येक अल्बमला एक. लग्नापासून एक. अडकलेल्या कॅसेटलाही एक. भाऊ दरवेळी विचारायचे, नीट ऐकलं का? काकू म्हणायच्या, ऐकलं म्हणून तर एक. ऐकलं नसतं तर दोन दिले असते. भाऊ चिडून गच्चीवर जायचे आणि पुढच्या वेळी तोच रुमाल घेऊन परत त्यांच्यासमोर उभे राहायचे.

ऐकणाऱ्यांत तिसरे होते गादीवाले चाचा. भाऊंचे शाळेपासूनचे दोस्त, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाद्या भरायचं दुकान. भाऊ फिरून ऐकायचे, चाचा गादीवर आडवे होऊन डोळे मिटून. कुणाला वाटावं झोपले. पण गाणं चुकीच्या ठिकाणी कापलं गेलं की एक डोळा उघडायचा. मलकापुरात प्रोग्रेसिव्ह रॉकचे रसिक म्हणजे हे दोघं आणि मी. काकूंना विरोधी पक्ष म्हणून धरायचं.

त्याच विरोधी पक्षानं घात केला. काकू आजारी पडल्या आणि पंधरवड्यात गेल्या. घर सुतकाचं झालं, मग सुतक संपलं आणि घर तसंच राहिलं. भाऊंनी संगीत बंद केलं. फिरणं वाढलं. माझ्या खोलीच्या डोक्यावर गच्ची, तिथं पहाटेपासून पावलं. सहा पावलं आणि थांबणं, सहा पावलं आणि थांबणं. सातवं कुठं जातं, या विचारानं मलाही खाली एका जागी बसवेना.

काही महिन्यांनी त्यांनी ‘उलटा जिना’ काढला. काकू गेल्यानंतरचा पहिला अल्बम. त्यांनी तो एकट्यानं पुन्हा पुन्हा ऐकला होता आणि त्यात त्यांना काकूंबद्दल काहीतरी सापडलं होतं. काय ते बोलले नाहीत, पण अल्बम चाचांकडं घेऊन जाताना त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. परत आले ते वेगळेच. स्वतःहून मला सांगितलं, “मियाँनं पाच देले.” भाव फोडायचा नाही हा त्यांचाच नियम, आणि तो त्यांनीच मोडला, इतका आनंद. चाचांनी आयुष्यात कुणाला पाच दिले नव्हते.

मग बकरी ईदच्या आसपास आम्ही दोघं चाचांच्या घरी गेलो. घर दुकानाच्या मागंच. चाचींनी चहा आणला. भाऊ उभेच, कप हातात. बोलता बोलता ‘उलटा जिना’चा विषय निघाला आणि भाऊ म्हणाले, आज पुन्हा लावू. चाची भोळेपणानं हसल्या. म्हणाल्या, आज मत लगाओ भाऊ, उस दिन भी इनका सर दुखा था. आपका गम ताज़ा था, इसलिए पाँच दे दिए.

चाचांनी डोळे मिटले. भाऊंनी कप खिडकीत ठेवला. अर्धाही झाला नव्हता. चाचांकडं बघून हळू आवाजात म्हणाले, “तू बी पाणी मारलं.” आणि निघून गेले. मी मागं धावले तर ते फाटकापर्यंत पोचलेले.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. मी भाऊंना समजावलं, की त्यांनी प्रेमापोटी केलं. ते ऐकूनच घेईनात. कित्येक वर्षं घरात एक बाई मले खरा भाव देत होती, ते गेली. आता ह्यानं खोटा देला, तर मले खरं सांगणारं राह्यलं कोण, असा त्यांचा हिशोब. मला राग यायचा. मी काय मेले होते? पण मी लेकीसारखी, माझे चार त्यांना थोडे लेकीचे वाटायचे. खरं तर थोडे होतेही.

दोन वर्षं अशी गेली आणि ‘पाण्यातली खुर्ची’ आला. कुठल्यातरी थंड देशातल्या चौघांचा अल्बम. पाच गाणी, त्यातलं शेवटचं अख्ख्या दुसऱ्या बाजूइतकं लांब. सुरुवातीला नुसता पेटीसारखा एक सूर धरलेला, त्याखाली ढोल हळूहळू गुंता घालत जातो आणि आता सुटेल, आता सुटेल म्हणता सुटतच नाही. भाऊंनी ऐकला आणि त्यांचं जे काही उरलंसुरलं स्वास्थ्य होतं तेही गेलं. चांगला आहे की वाईट, हेच त्यांना ठरवता येईना. “माह्या एकट्याच्या कानावर भरवसा नाही,” ते म्हणाले. “कोणी तरी भाव करून द्या.”

मी पाच दिले, मनापासून. त्यांनी मान हलवली आणि स्कूटर काढली. देऊळघाटला भाजीपाला पिकवणारा त्यांचा चुलतभाऊ होता, त्याला बांधावर उभं करून अल्बम ऐकवला. त्यानं पाच दिले आणि वर वांगी दिली. कामानिमित्त दुसरबीडला गेले, तिथल्या ओळखीच्या ढाबेवाल्याला ऐकवला. त्यानं पहिल्या गाण्यातच रुमाल मागितला आणि पाच दाबले. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. भाऊ परत आले ते जास्तच तळमळत. “दलालाले तोंडावर नाही कोण म्हणते?” ते म्हणाले. “समद्यायनं पाणी मारलं.”

खरा भाव एकाच ठिकाणी मिळण्यासारखा होता, पण तिथली वाट त्यांनी स्वतःच बंद करून घेतली होती. मग त्यांनी जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. चाचांच्या दुकानासमोर स्कूटर पंक्चर झाल्याचं सोंग करून रस्त्यातच लावली, सीटवर स्पीकर ठेवला, ‘पाण्यातली खुर्ची’ चालू केला आणि चाक न्याहाळत उभे राहिले. पूर्ण अल्बमभर. कापसाच्या गाड्या मागं अडल्या, हॉर्न वाजले. एक भला माणूस खरोखरच पंक्चरवाल्याला घेऊन आला, त्याला परत पाठवला. चाचांनी दुकानातून बघितलं, उठले आणि शटर अर्ध्यावर ओढलं.

दुसऱ्या दिवशी मीच चाचांकडं गेले. ते गादीच्या कडेला टाके घालत होते. मी म्हटलं, एकदा ऐका आणि खरं काय ते सांगा, माझ्या डोक्यावरची पावलं थांबवा. चाचांनी टाका ओढून दोरा तोडला. मग म्हणाले, “कमी देला तं तो निघून जाईन. जास्ती देला तं त्याले खरा वाटणार नाही. मी आता कोणत्या तोंडानं बोट दाबू, मॅडम?”

हे मी भाऊंना जसंच्या तसं सांगितलं. ते गच्चीवर गेले. सहा पावलं, थांबणं. सहा पावलं, थांबणं. शेवटी मी वर गेले आणि बजावलं, की तुम्ही उद्या तिकडं जात नसाल तर मी खोली सोडते. एका घरात एवढी पावलं मला सोसत नाहीत. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, “तुम्ही सोबत या.”

हे सगळं चार ओळींत कसं लिहायचं? आत्ता ग्रुपवर शेवटी मी एवढंच टाकलं: ‘पहिल्यापासून ऐका. मधूनच लावू नका. आठ दिवस कुणी बोलू नका, मग खरं काय ते सांगा.’ लगेच कुणीतरी आगीचं चित्र टाकलं. मी हाच अल्बम भाऊंनाही पाठवला आहे. कव्हरवर दोरीवर वाळत घातलेला सदरा आहे, म्हणजे नाव ठरलेलंच. त्यांचा फोन आला, ऐकला म्हणाले. भाव विचारला तर म्हणाले, फोनवर रुमाल टाकता येत नाही, मलकापूरले या. आता मी गाडीचं बघते आहे, बॅग काढते आहे, परत ठेवते आहे. मला या अल्बमचे पाच नको आहेत. पाच काय, ग्रुपवर ढिगानं मिळतात. खरा भाव मिळाल्यावर माणसाचं काय होतं ते मी त्या शुक्रवारी बघितलं आहे.

गच्चीवरच्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ आणि मी गेलो, तेव्हा दुपारची नमाज झाली होती आणि चाचा दुकानात एकटेच होते. भाऊ दारात उभे राहिले, तोच इस्त्रीचा सदरा. चाचांनी एक गादी सरळ केली आणि आडवे झाले. भाऊंनी अल्बम लावला आणि कापसाच्या ढिगांमधून फिरायला लागले. मी दाराशी स्टुलावर बसले. मधल्या दारात चाची उभ्या, पदराशी चाळा करत, कारण दोन वर्षांचं सगळं त्यांनी स्वतःच्या माथी घेतलं होतं. शेवटचं लांब गाणं सुरू झालं. भाऊंच्या केसांवर, सदऱ्यावर कापसाचा भुगा बसत चालला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. मी चाचांच्या चेहऱ्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सारखी तिकडंच बघत होते. त्यांचा तो एक डोळा मुळीच उघडला नाही.

अल्बम संपला. चाचा उठून बसले. भाऊंनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, दोघांच्या हातांवर टाकला. मग रुमालाखाली काहीतरी हललं आणि स्थिर झालं.

भाऊंनी विचारलं, “एक?”

“एक.”

“नीट ऐकलं का बे?”

“समदं ऐकलं,” चाचा म्हणाले. “अर्धं बोट देता आलं असतं तं अर्धंच देलं असतं.”

मला वाटलं, आता हे वळतील आणि जातील. चाचींनी तर तोंडावर हात ठेवला. पण भाऊ कुठंच गेले नाहीत. रुमाल तसाच हातांवर होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते, एवढं हसताना मी त्यांना काकूंच्या मागं पाहिलं नव्हतं. आणि मग, मी त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा, ते बसले. चाचांच्या शेजारी, गादीवर, पाठ टेकून, पाय लांब करून.

“भाभी,” ते म्हणाले, “माहा चहा राह्यला होता तुमच्याकडं.”